भालचंद्र रडला नव्हता

हे मी आजवर कोठे लिहिलेले नाही, घरातही बोललेलो नाही. ज्या एका माणसाला ते सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्यांनाही ते कळायला पंधराएक वर्षे जावी लागली — आणि तीही माझ्यामुळेच गेली. आता लिहितो आहे. मन हलके व्हावे म्हणून नव्हे. ते हलके व्हावे अशी माझी योग्यता नाही. एक खोटी गोष्ट माझ्या नावाने छापली गेली आहे आणि ती अजून वाचली जाते, एवढेच कारण पुरेसे आहे.

तुम्ही मला ओळखत असाल, तर बहुधा एकाच लेखामुळे. जर्मनीत एकट्या पडलेल्या, परकी भाषा अडखळत बोलणाऱ्या, नोकरी गमावून मुकाट्याने परत गेलेल्या एका मराठी अभियंत्याचे व्यक्तिचित्र — ‘बिचारा भालचंद्र’. पुण्याच्या एका दिवाळी अंकात ते आले आणि पत्रे येऊ लागली. वाचताना डोळे भरून आले, असे लिहिणारे लोक किती असतात! मी ती पत्रे सुखाने वाचली. पुढे तो लेख पुस्तकात गेला, अभिवाचनात गेला. इकडच्या मराठी मंडळांनी तो माझ्याकडून पुनःपुन्हा वाचून घेतला. पाठकांच्या — म्हणजे माझ्या — लेखणीत कणव आहे, असे म्हटले जाऊ लागले. मी मान खाली घालून ते ऐकत असे. मान खाली घालणे मला फार चांगले जमते.

आज मला त्या ‘बिचारा’ या शब्दाचा संताप येतो — नाही, हेही पुरते खरे नाही. शब्दाचा काय अपराध? संताप त्या शब्दाआड दडून बसलेल्या माणसाचा आहे. तरी आधी शब्दाविषयी थोडे बोलू द्या. मी वळसा घालतो आहे हे मला कळते. सरळ जाण्याची सवय नाही, म्हणून.

आपल्या कहाणीतल्या आटपाट नगरात जो ब्राह्मण राहतो, तो गरीबच का असतो? नगरात राजा असतो, राजाची कोठारे असतात, शेजारी भरल्या घरची माणसे असतात — पण त्याला गरीब कोणी ठेवले, हे कहाणी सांगत नाही. आभाळ निळे असते तसा तो गरीब असतो. मग आपण कथा लिहू लागलो, कादंबऱ्या लिहू लागलो. नगर गेले, विशेषण राहिले. बिचारी विधवा. गरीब मास्तर. बापडा कारकून. नावाआधी हा शब्द येऊन बसला, की त्या माणसाला पुढे काही करताच येत नाही. त्याने सोसायचे, आपण हळहळायचे. एखादा ‘बिचारा’ संतापलेला तुम्ही वाचला आहे का? मोठ्या आवाजात कारण विचारणारा? दुसऱ्याची चूक भर सभेत दाखवणारा? तो तसे करू लागला, की लेखक ते विशेषण चटकन काढून घेतो आणि त्या जागी ‘उर्मट’ ठेवतो. दया हवी असेल तर गरीब गाईसारखे उभे राहा — ही अट आहे. ती आम्ही घातली. आम्ही म्हणजे ज्यांच्या ताटाला कधी कोणी हात लावला नाही ते.

आणि आमची सोय पाहा. एखाद्याला बिचारा म्हटले, की त्याची ही अवस्था कोणी केली, असे कोणी विचारीत नाही. दैवाने केली असेल. परिस्थितीने. परक्या देशाने. वाचक डोळे पुसतो, लेखक मान खाली घालतो, आणि ज्याने केले तो — तो त्याच खोलीत बसलेला असतो. कधी कधी लेखणी त्याच्याच हातात असते.

हे मी एखाद्या परिसंवादात बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मला हे अभ्यासाने समजलेले नाही.

भालचंद्राचे खरे नाव येथे देत नाही, ढवळे म्हणू. इचलकरंजीचे. मी एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षे स्थिरावलो होतो, तेव्हा ते आमच्या गटात आले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, भरभर चालणारे. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये माझ्या समोर ताट ठेवून म्हणाले, “काय ओ पाठकसाहेब, ह्या बटाट्याला मीठ लावायची परवानगी कुठल्या आम्टात मिळते?” मी हसलो. आम्ट म्हणजे सरकारी कचेरी; नव्याने आलेल्या प्रत्येकाचे पहिले महिने तिथेच जातात. मला ते आवडले. हे खोटे नाही. त्यांना सायकल मी मिळवून दिली, शहर-नोंदणीला त्यांच्याबरोबर मी गेलो, रविवारी ते आमच्याकडे जेवायला येत. अनघाच्या — माझ्या पत्नीच्या — हातची आमटी ते वाटीने पीत आणि म्हणत, “वहिनी, तिखट घालायला विसरलात का पाठकसाहेबांना घाबरलात?”

त्यांचे जर्मन वाईट होते. पण ते बोलत. मी चांगले जर्मन बोलतो आणि गप्प बसतो. ते वाईट जर्मन बोलत आणि थांबत नसत.

यंत्राने काढलेली शरीराच्या आतली चित्रे स्पष्ट येतात की नाही हे तपासण्याची एक पद्धत मी बसवली होती. गटात तिला माझे नाव पडले होते. ढवळे यांनी ती समजून घेतली, घरी जाऊन पुन्हा करून पाहिली, आणि एका बैठकीत फळ्यापाशी जाऊन म्हणाले — “दास इस्ट फाल्श.” हे चूक आहे. तीन शब्द. व्याकरणाची एकही चूक नाही. मग त्यांनी चूक कोठे आहे ते दाखवले. ती तेथेच होती. ती कित्येक वर्षे तेथे होती.

आमच्या विभागप्रमुख, फ्राउ ब्रांट, मोठ्याने हसल्या. “आल्झो, हेर पाठक,” म्हणजे, काय पाठकसाहेब, “तुम्हाला पकडले की!” त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, नवा माणूस चांगला निघाला याचा आनंद होता. मीही हसलो. ढवळे यांच्या पाठीवर थाप मारली. जागेवर येऊन बसलो, आणि माझे कान तापलेले मला जाणवत होते. एवढेच घडले होते. कोणी माझा अपमान केला नव्हता. पुढच्या गोष्टीला याहून मोठे कारण असते तर मला लिहिणे सोपे गेले असते. नाही. एवढेच होते.

येथे जर्मनीत नोकरीचे पहिले सहा महिने कसोटीचे असतात. त्या काळात कंपनीने कारण न सांगता माणसाला जा म्हटले तरी चालते. ढवळे यांची मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी फ्राउ ब्रांट जेवणानंतर माझ्याबरोबर फेरी मारायला आल्या. त्यांना ढवळे यांना कायम करायचे होते. तसे त्यांनी सरळ म्हटले. फक्त, म्हणाल्या, भाषेमुळे त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला नीट कळत नाही. तुम्ही एकाच गावचे ना — महाराष्ट्र त्यांना एक गाव वाटत असे — तुम्हाला ते कसे वाटतात? येथे सुखी आहेत ना?

आवाज आणखी खाली आणला. आणि म्हणालो, “आर्मर केर्ल.”

बिचारा आहे हो.

मग मी सांगत गेलो. त्यांचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत — हे खरे होते. ढवळे यांनी ते आमच्या स्वयंपाकघरात, मला एकट्याला सांगितले होते. पत्नी मागे एकटी आहे — हेही खरे होते. पुढचे खरे नव्हते. मी म्हणालो, ढवळे मनाने खचले आहेत. त्यांना परत जायचे आहे, पण स्वाभिमानी आहेत, स्वतःच्या तोंडाने कधी म्हणणार नाहीत. आमच्याकडची माणसे तशी असतात, असेही म्हणालो — पाहा, एका माणसाला बुडवण्यासाठी मी सगळ्या मुलखाला साक्षीला बोलावले. आणि शेवटी म्हणालो, कोणीतरी त्यांच्यासाठी निर्णय घेतला, तर त्यांच्यावर उपकारच होतील.

फ्राउ ब्रांट थांबल्या. “मला याची कल्पना नव्हती,” त्या म्हणाल्या. “बरे झाले तुम्ही सांगितलेत.”

मी निंदा केली नाही. ते कामात कच्चे आहेत, असे म्हटले असते तर त्या हसल्या असत्या. त्यांनी फळा पाहिला होता. मी फक्त दया दाखवली. दयेला पुरावा लागत नाही. दया दाखवणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. मृदू आवाजात, डोळ्यांत थोडेसे पाणी आणून मी एका माणसाची भाकरी काढून घेतली, आणि ज्या बाईंच्या हातून ती काढली, त्यांना वाटले की आपण भले करतो आहोत.

त्यानंतरच्या शनिवारी मी ढवळे यांच्याबरोबर फ्लॅट पाहायला गेलो. होय, त्यानंतरच्या. त्यांच्या पत्नीने, रेवतीताईंनी, पुण्याच्या महाविद्यालयातल्या नोकरीचा राजीनामा दिला होता. तिकीट काढायचे चालले होते. हे मला ठाऊक होते. माझ्या गाडीतून आम्ही गेलो. ढवळे यांनी रिकाम्या स्वयंपाकघरात उभे राहून खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि विचारले, “इथं कुंडीत कढीलिंब जगंल का ओ?” मी म्हणालो, ऊन चांगले येते, जगेल.

का म्हणालो? मला सांगता येत नाही असे लिहिणार होतो. पण सांगता येते. चांगला दिसण्याची सवय मला एक दिवसही मोडता आली नाही, म्हणून म्हणालो.

नोकरी संपल्याचे पत्र ढवळे यांना पुढच्या आठवड्यात मिळाले. लेखात मी काय लिहिले आहे ते तुम्हाला आठवत असेल. बिचाऱ्या भालचंद्राने माझ्या खांद्यावर डोके ठेवले. त्याच्या अश्रूंनी माझा कोट भिजला. विभागप्रमुख बाई काचेआडून थंड, बर्फासारख्या नजरेने पाहत राहिल्या. ते वाचताना माझा आवाज नेहमी कापत असे आणि सभागृहात रुमाल निघत.

खरे काय झाले ते आता सांगतो. ढवळे सायकलींच्या छपराखाली आले तेव्हा रागाने त्यांचा चेहरा काळवंडला होता. मी खांद्यावर हात ठेवला; त्यांनी तो झटकला. “कारण द्या म्हणावं!” ते एवढ्या मोठ्याने बोलले की लोक वळून पाहू लागले. “पाठकसाहेब, तुम्ही सांगा ह्यांना. मी भीक मागत नाही. कारण मागतोय!” आणि माझी वाट न पाहता ते परत वर गेले, फ्राउ ब्रांट यांच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “वारुम?” का? त्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाटले, तुमच्यासाठी हेच बरे होईल.

त्यांनी माझेच वाक्य परत दिले होते. ढवळे यांना ती थट्टा वाटली. दुसरे काय वाटणार?

व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. दुसरी नोकरी हाती येण्याआधी मुदत सरली. विमानतळावर मीच पोहोचवले. तेथेही ते रडले नाहीत. वजनकाट्यावर बॅग ठेवताना त्यांनी फ्राउ ब्रांट यांच्या नावाने एक कोल्हापुरी शिवी हासडली, अगदी स्वच्छ उच्चारांत, आणि मला म्हणाले, “तुमच्यापुरता हा देश बरा आहे बघा.”

या माणसाला मी लेखात रडवले. त्यांची नोकरी घेतली ती एका दुपारी. त्यांचा राग घेतला तो टेबलापाशी बसून, सावकाश, वाक्ये पुन्हा पुन्हा घासून. पहिल्या खर्ड्यात तो राग होता. मला वाचवेना. रागावलेला माणूस कारण मागतो, आणि वाचकही मग त्याच्याबरोबर कारण मागू लागतो. म्हणून मी ‘बिचारा’ लिहिले. शब्द इतका छान बसला! सगळे मऊ झाले. पुढे रिकामी राहिलेली एक जागा तेवढी भरायची होती — कोणीतरी क्रूर लागतोच — तेथे मी ती बाई बसवली, जी त्यांना ठेवू पाहत होती.

फ्राउ ब्रांट निवृत्त झाल्या तेव्हा केक कापताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, “हेर ढवळे यांची काही खबर? मी कधी कधी विचार करते, आपण त्यांच्या बाबतीत बरोबर वागलो ना?” मी म्हणालो, “जा, जा, गेनाऊ.” हो हो, अगदी. त्या वेळी तो लेख छापून झाला होता. त्यांना मराठी येत नाही, याचा मला आधार वाटला. असा मी.

आता गेल्या दिवाळीचे. आमच्या मंडळाचा कार्यक्रम चर्चच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात होता. मुलांची गाणी झाली, मग माझे वाचन. फर्माईश तीच. मी वाचले, आवाज कापला, रुमाल निघाले. फराळाच्या रांगेत असताना मागून कोणी म्हणाले, “काय ओ लेखकमहाशय!”

ढवळे. केस पांढरे झालेले, खांदे तेच. मधली वर्षे पुण्यात या नोकरीतून त्या नोकरीत काढून, स्वतःच्या बळावर पुन्हा जर्मनीत आलेले; आता वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कामात. नातेवाइकांकडे एर्लांगेनला दिवाळीसाठी आले होते आणि शेवटच्या रांगेत बसून त्यांनी सगळे ऐकले होते. माझ्या हातातला कागदी द्रोण वाकडा झाला.

“भालचंद्र म्हणजे मीच की,” ते म्हणाले. हसत होते, पण डोळे हसत नव्हते. “बाकी झकास. पण रडलो कधी ओ मी? जरा आठवून सांगा. माझ्या शेजारची बाई तुमच्या भालचंद्रासाठी नाक पुसत होती, आणि मला वाटत होतं, उठून हिला सांगावं, बाई गं, मी रडत नव्हतो, मी पेटलो होतो. तेवढंच होतं माझ्याकडं. नोकरी गेली, घर गेलं, तेवढा राग तरी माझा होता. तो कशाला काढलात?”

त्यांनी रेवतीताईंना हाक मारली. “ये गं. हेच ते पाठकसाहेब. त्या सगळ्या गावात आपल्या बाजूनं उभा राहिलेला एकच माणूस.” रेवतीताईंनी हात जोडले. “एक मात्र बेस्ट केलंत,” ढवळे पुढे म्हणाले, “त्या ब्रांटबाईला चांगली सोलून काढलीत. माझ्या पोरांना मी अजून सांगतो तिची गोष्ट.”

तुम्ही माझ्या जागी असता तर? — नाही, हा प्रश्न मी विचारता कामा नये. तुम्ही तेथे नव्हता. मी होतो. तोंड उघडून एक वाक्य म्हणायचे होते. मी द्रोण पुढे केला आणि म्हणालो, “चकली घ्या ना. अनघाने केली आहे.”

त्यांनी घेतली. खाल्ली. म्हणाले, “या की एकदा वोल्फ्सबुर्गला जेवायला. रेवती तांबडा रस्सा करंल. तुमच्या त्या आमटीसारखा मिळमिळीत नाही.”

घरी परतताना अनघाने गाडीत विचारले, “अहो, मग ते खांद्यावर डोकं ठेवून रडले होते, ते?” मी म्हणालो, लेखकाला तेवढे स्वातंत्र्य असते. ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिलाही मी तितकेच दिले, जितके वाचकांना देत आलो.

मला कशाने हलवले असेल? ढवळे यांनी उपकार मानले त्याने नव्हे. उपकार पचवायची मला सवय आहे. त्यांच्या मुलांनी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा तिरस्कार करायला शिकावे, आणि तो धडा माझ्या वाक्यांनी पक्का व्हावा — हे मला सोसले नाही. तो माणूस स्वतःचा एवढा प्रामाणिक राग पंधरा वर्षे चुकीच्या दारावर ठेवून आला होता. दार माझे होते.

गेल्या महिन्यात मी वोल्फ्सबुर्गला गेलो. ढवळे स्थानकावर गाडी घेऊन आले होते. कालव्यापलीकडे कारखान्याची उंच धुराडी, हवेत गोठवणारा गारठा. “बसा, बसा. रश्श्याला उकळी आली असंल,” ते म्हणाले. त्यांनी किल्ली लावली, तेव्हा मी म्हणालो, “गाडी सुरू करू नका. मला काही सांगायचे आहे.”

मी सांगितले. फळ्यापासून सुरुवात केली, कारण खरी सुरुवात तेथेच होती. फेरी, तो शब्द, वडिलांच्या आजाराचा मी केलेला उपयोग, परत जायचे आहे हे खोटे. नंतरचा शनिवार आणि ती खिडकी. फ्राउ ब्रांट यांना तुम्हाला ठेवायचे होते, हे सांगितले. विशेषण एकही वापरले नाही; निदान तसा प्रयत्न केला. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता आणि त्या क्षणी मला त्या आवाजाची किळस आली.

माझे संपल्यावर त्यांनी विचारले, “रेवतीनं राजीनामा दिला होता. माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“फ्लॅट बघायला आलात तेव्हा?”

“हो.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. “अगं, पाहुणे येत नाहीयेत... नाही, बरे आहेत... मी येतो. आपण जेवू.” फोन खिशात ठेवला.

“त्या ब्रांटबाई आहेत का अजून?” त्यांनी विचारले. ‘बाई’ आता त्यांनी अहोजाहोत म्हटले. आहेत, बांबेर्गला मुलीजवळ राहतात, असे मी म्हणालो. “पत्ता पाठवा. त्यांना मी स्वतः लिहिणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही. तुमची भाषा चांगली आहे, म्हणूनच.”

“पाठवतो.”

“उतरा,” ते म्हणाले.

मी उतरलो. दार लावताना मला पुन्हा काही बोलावेसे वाटले — ते काय असते, हे मला माहीत आहे. एखादे सुंदर, ओले वाक्य असते. त्यांनी ते ऐकायला काच खाली केली नाही. गाडी निघाली.

पत्ता मी त्याच दिवशी पाठवला. उत्तर आलेले नाही. तो लेख पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून काढावा, असे प्रकाशकांना कळवले आहे. मंडळांना तो यापुढे वाचू नये असे लिहितो आहे, आणि कारण म्हणून हाच मजकूर जोडणार आहे. छापण्याआधी आज सकाळी तो अनघाच्या हाती दिला. ती शेजारच्या खोलीत वाचते आहे.

गाडीत ढवळे यांचा चेहरा कसा होता, ते मी लिहिणार नाही. मी पाहिला नाही. मी समोरच्या काचेकडे पाहत होतो.